सपाट चमचा

सिझेरियनला चार दिवस झाले तरी मला पुरेसं दूध आलं नाही, तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्याचं कारण माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं. एक म्हणाली, नवव्या महिन्यापर्यंत नोकरी केली, मग दुसरं काय होणार. दुसरी म्हणाली, पाणी कमी पिते. तिसरीने नुसतं उशाजवळच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. मी सगळ्यांना हो म्हणत होते. टाके ओढत होते, बाहेर वैशाखातलं अकोला तापलं होतं आणि भांडायला लागतो तेवढा जोर अंगात उरला नव्हता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी अकोल्यात होते. सासर अमरावतीचं. तिथल्या एका खासगी लॅबमध्ये मी रक्त तपासायचं काम करते. दिवसभर थेंब थेंब मोजायचा, आकडा लिहायचा, शंका आली तर पुन्हा मोजायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझी सगळ्यात मोठी लाज हीच आहे.

सासूला मी आई म्हणते आणि आईला माय. माय अकोल्याच्या कडेला, मोर्णा नदीपलीकडे भाजी पिकवते. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात थोडी गवार. पहाटे जुड्या बांधायच्या, बाजारात नेऊन द्यायच्या आणि नऊच्या आत घरी. माझ्यासाठी तिने बाजारही बंद ठेवला होता. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा, खिडकीतला कूलर बंद, कारण बाळंतिणीला गारवा बाधतो. मी घामाने निथळत डिंकाचा लाडू चावत बसायची आणि माय आल्यागेल्या बाईला सांगायची, "हिले मी दोन वर्षं अंगावर पाजलं. वरचा थेंब नाई देल्ला."

ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला ताप आला नाही की दोन वर्षं पाजलं म्हणून, दहावीला चांगले मार्क पडले तेही दोन वर्षं पाजलं म्हणून. आधी त्याचं हसू यायचं. आता माझी लेक छातीशी धरलेली असायची, ती ओढून ओढून थकायची, आणि तेच वाक्य माझ्या अंगावर यायचं.

दहाव्या दिवशी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे वजन केलं. जन्मली तेव्हा पावणेतीन किलोची होती, ती अडीचवर आली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, दर वेळी आधी अंगावर घ्या, मग वरून साठ मिली पावडरचं दूध द्या, डब्यावर लिहिलंय तसं बनवून. वजन वाढलं की बघू. त्यांनी हे इतकं सहज सांगितलं की मला रडू आलं. माय मात्र रिक्षात तोंड फिरवून बसली.

डबे घेऊन आई दुसऱ्या दिवशी आल्या, बडनेऱ्याहून पॅसेंजरने. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. पहिली नेमणूक धारणीच्याही पुढच्या एका गावात होती, आणि माझा नवरा तेव्हा तीन महिन्यांचा होता. त्याला अमरावतीला आपल्या सासूजवळ ठेवून त्या सोमवारी जायच्या आणि शनिवारी यायच्या. ही हकिगत त्या अशी सांगतात जशी काही ती दुसऱ्याच कुणाची आहे. सेमाडोह गेलं की जीपमध्ये पदर ओला व्हायचा, शेजारची बाई विचारायची पाणी सांडलं का, आणि मी हो म्हणायची, एवढंच. पोरगा डब्यावर वाढला. त्याबद्दल त्यांना अभिमान नाही आणि पस्तावाही नाही. निदान त्या तसं दाखवत नाहीत.

दोन डबे त्यांनी बाजेवर माझ्या पायाशी ठेवले. मायने डब्यांकडे असं पाहिलं, जसं ती दुसऱ्याच्या वाफ्यातून आलेल्या किडीकडे पाहते.

"इनबाई, तुमची नोकरी होती," माय म्हणाली. "तुमचा इलाज नव्हता. हिले तर सा महिन्यांची सुट्टी हाये."

"सुट्टी आहे, पण दूध नाही ना पुरेसं," आई म्हणाल्या.

"येते. अळीवाची खीर चालू हाये, शतावरी चालू हाये. माह्या लेकीले कसं नाई येनार? मले तर असं यायचं, का दुसऱ्याचं लेकरू पाजलं असतं."

"ते येईल तेव्हा येईल. तोवर पोरीनं काय करावं? माझा पोरगा डब्यावरच वाढला, इनबाई. पाच फूट अकरा इंच आहे."

माय हसली नाही. मलाही हसायचं त्राण नव्हतं. दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या आणि मी मध्ये पडून होते. एकीच्या मते मी आई म्हणून अपुरी आणि दुसरीच्या मते मी उगाच हट्टी. खरं म्हणजे मला दोघींपैकी कुणाचंच म्हणणं नको होतं. मला दोन तास झोप हवी होती.

शेवटी मायनेच तोड काढली. ती म्हणाली, द्यायचंच आहे तर बाटली घरात येणार नाही, बोंडल्यानेच पाजायचं, आणि दूध मीच करून देईन. आईंना ते पटलं. बोंडलं म्हणजे चोचीची छोटी वाटी, माझ्या आजीच्या वेळेपासून घरात होती. आणि दूध मायने करायचं हे तर ओघानेच आलं, कारण बाळंतिणीने सव्वा महिना चुलीपाशी जायचं नाही. आता चूल नाही, गॅसची शेगडी आहे, पण नियम तोच. मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला बंदी. पाणीसुद्धा बाजेवर यायचं. अमरावतीला असते तर मी या नियमावर दोन तास वाद घातला असता. इथे मला बरंच वाटलं. निदान एक काम तरी माझ्याकडे नव्हतं.

मग दिवस एकसारखे जायला लागले. छातीशी धरायचं, अर्धा तास इकडे, अर्धा तास तिकडे. मग माय आतून झाकलेलं बोंडलं आणायची. लेक ते प्यायची आणि झोपायची. खूप झोपायची. माय कौतुकाने म्हणायची, "गुनाचं लेकरू हाये. रडतच नाई." दूध पातळ दिसायचं, निळसर. मला वाटलं, डब्याचं दूध असंच असतं. मी आयुष्यात कधी ते पाहिलेलं नव्हतं. लॅबमध्ये नमुन्याचा रंग जरा बदलला तरी मी दुसरी बाटली मागवते. इथे रोज आठ वेळा माझ्या डोळ्यांसमोर ते निळसर पाणी जात होतं आणि मी बघत होते.

मध्ये दोनदा वजन केलं. एकदा पन्नास ग्रॅम वाढलं, एकदा तेवढंही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वरचं दूध किती देता? मी म्हणाले, दर वेळी साठ मिली, एकही वेळ चुकवत नाही. ते खरंच होतं. चमचे किती घालता, हे त्यांनी विचारलं नाही आणि मला ते माहीतही नव्हतं.

घरी येताना रिक्षात माय म्हणायची, "पाह्य, डब्याचं दूध लेकराच्या अंगाले लागतच नाई." संध्याकाळी फोनवर आई म्हणायच्या, "अंगावर पाजण्यात तिची सगळी ताकद जाते. नुसतं वरचंच दे." लॅबमधल्या एका मैत्रिणीने तीन वर्षं पाजलं होतं, ती मेसेज पाठवायची, हार मानू नकोस. दुसरीने पहिल्या दिवसापासून डबा दिला होता. ती लिहायची, कशाला जिवाला त्रास करून घेतेस. सगळ्या माझ्या भल्याचंच बोलत होत्या. मी उत्तरं देणं सोडून दिलं. मला मनातून खात्री पटत चालली होती की दोष माझाच आहे. माझं दूध तिला लागत नाही, दुसऱ्याचंही लागत नाही, म्हणजे माझ्यातूनच ती काहीतरी कमी घेऊन आली असणार.

शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चार दिवस बघू. नाही वाढलं तर ॲडमिट करून तपासण्या कराव्या लागतील. तपासण्या म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एवढ्याशा हाताची शीर शोधायची असते. दोन बायका लेकराला दाबून धरतात, आईला बाहेर थांबायला सांगतात, आणि सुई माझ्यासारखी कुणीतरी टोचते. बाहेर थांबलेल्या आयांकडे मी इतक्या वर्षांत कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी आई पुन्हा आल्या. झबली आणली, टोपडं आणलं आणि आणखी दोन डबे आणले. "आधीचे संपलेच असतील," म्हणाल्या.

माय आत गेली आणि जुना डबा घेऊन आली. चेहऱ्यावर थोडा विजय होता. "हा पयलाच चालू हाये. दुसरा तर फोडलाच नाई. तुमचे पैसे वाया नाई जाऊ देल्ले, इनबाई."

आईंनी डबा हातात घेतला. उघडून पाहिला. तळाशी अजून चांगली चार बोटं पावडर होती. त्यांनी झाकण लावलं, पुन्हा उघडलं. डबा किती दिवस जातो, हे ज्या बाईने वर्षभर पोटाला चिमटा घेऊन डबे आणले तिला विचारावं लागत नाही.

"महिना होत आला," त्या हळूच म्हणाल्या. "किती पाण्याला किती चमचे टाकता?"

"गिलासाले एक," माय म्हणाली. "पयले तर अर्धाच टाकत होती. पावडर जड असते. एवढुशा पोटाले झेपली पायजे का नाई? म्हशीचं दूध बी आपन पानी टाकूनच देतो ना लेकराले."

आमच्याकडे प्रत्येक घरात हेच करतात. म्हशीचं दूध दाट, लेकराला ते तसंच दिलं तर पोट बिघडतं, म्हणून त्यात पाणी घालायचं. जी बाई जास्त जपते ती जास्त पाणी घालते. माय फार जपणारी आहे.

आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सात लागतात."

त्यांनी टोमणा मारला नाही. त्या मायच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दूध करून आणलं. ते पांढरं होतं. लेक ते प्यायली, सगळं, आणि पहिल्यांदाच पिऊन झोपली नाही. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

मग मी बोलले. टाक्यांमुळे मला मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून हळू बोलले, आणि त्याने ते आणखी वाईट झालं असणार.

"तू माह्या पोरीले महिनाभर पानी पाजलं, माय."

माय दारात उभी होती.

"अन् वरून मलेच आयकवत होती, अंगाले लागत नाई म्हनून. दोन वर्षं लेकरू पाजलं ना तू? मंग उपाशी लेकरू कसं दिसते, हे तुले समजलं नाई?"

"नाई पाजलं," माय म्हणाली.

मला वाटलं ती माझ्या लेकीबद्दल बोलते आहे.

"तुले नाई पाजलं. मले दूध आलंच नाई धड. दीड महिन्यात सारं बंद झालं. म्हशीच्या दुधावर वाढवली तुले, पानी टाकून. तुही आजी म्हने, कोनाले सांगू नको, लोक नावं ठेवतात. मंग मी सांगतलं, पाजलं म्हनून." ती थांबली. "तुले तरी यावं, असं वाटे मले. म्हनून मांगं लागली."

आई उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. मी मायला काही बोलायला हवं होतं. मला कळत होतं की आत्ता, या क्षणी, काहीतरी बोलायला हवं. पण मी इतकी दमले होते आणि इतकी चिडले होते, की मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माय शेगडी उचलून आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, हे विचारायला मी विसरले. चूक मान्य करणारी ती एकटीच व्यक्ती मला त्या महिन्यात भेटली, माय सोडून. त्यांनी आणखी एक आठवडा दिला. आठवड्यानंतर लेक पाव किलोने वाढलेली होती आणि तिला रडताही येतं हे सगळ्या आळीला कळलं होतं. सुया टळल्या.

दीड महिना झाला तसा मी अमरावतीला निघून आले. माय एरवी तीन महिने ठेवून घेणार होती, पण तिने आग्रह केला नाही. गाडीत पालकाच्या जुड्यांची पिशवी ठेवली, लेकीच्या तळपायाला तीट लावली आणि बाजूला झाली. नंतर फोनवर ती विचारायची, जेवली का. मी म्हणायची, हो. लेकरू कसं हाये? बरं आहे. एवढंच. तिचा राग मनात धरून ठेवायला मला काही कष्ट पडत नव्हते. दिवसभर दूध, लंगोट, बाटल्या उकळणं, आणि त्यात कुठेतरी खाली तो राग पडून असायचा. अंगावर थोडं दूध होतं तेही मी पाजत होते. उरलेलं डब्याचं. सोसायटीतल्या बायका विचारायच्या, अंगावरच पिते ना? मी जिला जे ऐकायचं असेल ते सांगायची.

पावसाळ्याच्या शेवटी माय आली. एसटीने, दोन पिशव्या घेऊन, न सांगता. आई देवळात गेल्या होत्या आणि घरात आम्ही दोघीच होतो, तिसरी पाळण्यात. माय पाळण्यापाशी बसली. लेकीच्या मांडीला आता वळ्या पडल्या होत्या. मायने एका वळीत बोट घालून पाहिलं आणि काढून घेतलं.

लेक कुरकुरायला लागली तशी मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले. माय मागे आली.

"मले दाखव," ती म्हणाली. "कसं करतात थे."

मी पाणी मोजून दाखवलं. चमचा भरून दाखवला, शीग ठेवायची नाही, सुरीच्या पाठीने वरचं काढून टाकायचं, चमचा सपाट झाला पाहिजे. मायने आयुष्यभर सगळं मुठीने मोजलं आहे. तिची मेथीची जुडी कधी लहानमोठी होत नाही. पण तो प्लास्टिकचा चमचा तिच्या जाड बोटांत नीट बसत नव्हता. पहिला तिने सांडला. दुसरा भरला, सुरी फिरवली, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तो पाण्यात टाकला आणि मोठ्याने म्हणाली, "एक."

मग ती थांबली. डब्यात चमचा तसाच धरून उभी राहिली.

"गिलासाले सात म्हनली होती ना तुही सासू?"

"हो."

"म्हशीच्या वाटीभर दुधात मी तीन वाट्या पानी टाकत जाव. कधी चार." ती चमच्याकडे बघत होती. "तुहं वजन तं कधी कोनं केलंच नाई. तू बी रडत नव्हती. सारे म्हनत, गुनाची पोरगी हाये."

पाळण्यात लेक आता ओरडायला लागली होती.

"मंग तू बी उपाशीच होती काव?"

तिने मान वर केली नाही. महिनोन्महिने मी जो राग सांभाळून ठेवला होता तो मी शोधला, आणि मला तो सापडला नाही. एवढा दमलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. इतकी वर्षं ते वाक्य बाळगून ती दमली होती.

"उपाशी काहून राहीन मी," मी म्हणाले. "दोन वर्षं पाजलं ना तू मले."

मायने माझ्याकडे पाहिलं. मग तिने पदराने नाक पुसलं, चमचा डब्यात खुपसला, सुरी फिरवून सपाट केला आणि म्हणाली, "दोन."